सिंहाचं दप्तर

महसूल खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी फेरफार आणि वारस नोंदींच्या टेबलावर. त्याचा परिणाम असा की परक्या गावात गेलो की बाकीचे देऊळ शोधतात, मी कचेरी शोधतो.

लेक एडिंबराला असते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे अडीच महिने राहिलो. किल्ला झाला, राजवाडा झाला, जून महिन्यात स्वेटर घालून कुडकुडणं झालं. पण माझं मन अडकलं ते प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला, वेव्हर्ली स्टेशनच्या जवळ. तिथं रॉबर्ट अ‍ॅडमनं आराखडा केलेलं जुनं रजिस्टर हाऊस आहे. पायाचा दगड बसवला १७७४ साली. आपल्याकडे नारायणराव पेशव्यांचा खून होऊन तेव्हा वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. निव्वळ कागद सांभाळायला इतकी देखणी इमारत! आमच्या कचेरीत जुनी दप्तरं जिन्याखाली असत आणि जिना गळका होता.

समोर बालमोरल हॉटेलचा मनोरा आहे. त्यावरचं घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. मला हे फार आवडलं. पण खरी गंमत जुन्या इमारतीच्या पाठीमागे, न्यू रजिस्टर हाऊसमध्ये. आत गोल घुमट, घुमटाखाली मजल्यावर मजले चढत गेलेल्या लोखंडी मांडण्या, आणि त्यांत साऱ्या स्कॉटलंडच्या नोंदवह्या. जन्माच्या लाल, मृत्यूच्या काळ्या, लग्नाच्या हिरव्या. मान वर करून उभा राहिलो आणि चक्क डोळे भरून आले. सौ. म्हणाली, "पंढरपुरात नाही आलं कधी पाणी."

त्याच इमारतीत आणखी एक कचेरी आहे. नाव 'कोर्ट ऑफ द लॉर्ड लायन'. लायन म्हणजे सिंहच. स्कॉटलंडच्या राजाच्या ढालीवर पिवळ्यावर लाल, मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह असतो, त्यावरून या अधिकाऱ्याचं नाव पडलं. पूर्ण हुद्दा 'लॉर्ड लायन किंग ऑफ आर्म्स'. काम काय, तर कोणाच्या ढालीवर कोणती खूण असावी हे ठरवायचं, तिची नोंद ठेवायची आणि परवानगीशिवाय कोणी खूण वापरली तर त्याला बोलावून घ्यायचं. राजाचा पुकाराही यानंच करायचा.

"बाबा, हे तुमचंच खातं," लेक म्हणाली. ती चेष्टेत म्हणाली, पण पुढचे दोन महिने मी तिच्या ग्रंथालयाच्या कार्डावर दुसरं काहीही वाचलं नाही.

पहिली अडचण शब्दाची आली. 'कोट ऑफ आर्म्स'ला आपण सर्रास कुलचिन्ह म्हणतो. स्कॉटलंडमध्ये हा शब्द वापरला की पहिल्याच पायरीला पाय घसरतो, कारण तिथं ते कुळाचं नसतंच. ते एका माणसाचं असतं. बाप जिवंत आहे तोवर बापाचं. बापामागं थोरल्या वारसाचं. धाकट्याला तेच्या तेच चिन्ह लावता येत नाही. त्यानं लायनकडे अर्ज करायचा, आपलं नातं कागदोपत्री सिद्ध करायचं, मग त्याला त्याच ढालीवर काहीतरी फरक करून दिला जातो. बहुधा कडेनं एक पट्टी, ठरलेल्या रंगाची. त्या धाकट्याच्या धाकट्याला पट्टीत पुन्हा बदल. एकोणिसाव्या शतकात या कचेरीत स्टोडार्ट नावाचे एक कारकून होते, त्यांनी या पट्ट्यांची पद्धत बसवली, आणि ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

त्यांचा तक्ता पाहिला आणि मी मोठ्यांदा हसलो. हे तर पोटहिस्से! गट नंबर एक, त्याचे १/अ, १/ब, मग १/ब/२. भावाभावांत बांध पडावा तशी ढालीवर पट्टी पडते. पट्टी बघून सांगता येतं की हा दुसऱ्या मुलाचा तिसरा मुलगा. फक्त आपल्याकडे जमीन लहान होत जाते, तिथं ढाल तेवढीच राहते आणि आतली नक्षी दाटत जाते.

रॉयल माइल नावाच्या उतरत्या रस्त्यावर दुकानांची रांग आहे. तिथं किल्लीची कडी, चहाचे पेले, टाय, सगळ्यांवर 'तुमच्या घराण्याचं चिन्ह' छापून मिळतं. आडनाव सांगा, चिन्ह घ्या. कायद्यानं पाहिलं तर असं चिन्ह कुणाच्याच घराण्याचं नाही. जे आहे ते त्या कुळाच्या नायकाचं, म्हणजे चीफचं. इतरांना त्याच्या चिन्हातली ढालीच्या वरची खूण तेवढी लावता येते, आणि तीही एका गोल पट्ट्याच्या बकलात अडकवून. पट्टा याचा अर्थ: मी याचा माणूस आहे, हे माझं नाही. मालकी हक्क नायकाचा, वहिवाट बाकीच्यांची. आमच्या भाषेत सातबाऱ्यावर नाव त्याचं, हे नुसते इतर हक्कात.

एका दुकानात मॅके कुळाचा बिल्ला दिसला. खंजीर धरलेली मूठ. नावावर नजर थांबली, कारण या कुळाचा एक नायक आपल्या ओळखीचा आहे. डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावे लॉर्ड रे, १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. जन्मानं हे गृहस्थ हेगचे, हॉलंडमधले. हार्बर लाइनवरचं रे रोड स्टेशन यांच्याच नावाचं. मी नोकरीत असताना मंत्रालयाच्या खेपा करायचो, शिवडीला एका नातेवाइकाकडे उतरायचो, त्यामुळे रे रोडच्या फलाटावरून कितीदा गेलो असेन. मला ते 'रे' म्हणजे 'अरे'मधलं वाटायचं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचं एक गाव असं हार्बर लाइनला येऊन बसलंय, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी एका किल्लीच्या कडीमुळे कळलं.

मूळ किती मागे जातं? १२४९ साली स्कोन इथं तिसरा अलेक्झांडर गादीवर बसला. वयाची आठ वर्षंही पुरी नव्हती. तेव्हा एक म्हातारा पहाडी माणूस पुढे आला आणि त्यानं गेलिक भाषेत राजाचे पूर्वज म्हणायला सुरुवात केली. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका, पार मागे. त्या भाटाची गादी आपण चालवतो असं लायनच्या कचेरीची परंपरा सांगते. खुद्द लायन हे नाव १३७७ पासून कागदांत दिसतं. लहानपणी आमच्या गावी हेळवी यायचे, बैलावर चोपड्या लादून. ओसरीवर बसून घराण्याच्या पिढ्या वाचायचे, नवे जन्म लिहून घ्यायचे, धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचे. त्यामुळे स्कोनचा म्हातारा मला लगेच दिसला. पहाडी बोलीतसुद्धा सूर तोच असणार.

लायनच्या गादीवर बसलेल्यांतला माझा आवडता म्हणजे सर डेव्हिड लिंडसे. फाइफ परगण्यातल्या माउंट गावचा. स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स तान्हा असताना हा त्याच्या तैनातीला होता. बापाला, चौथ्या जेम्सला, १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत मरण आलं तेव्हा पोर दीड वर्षाचंही नव्हतं. लिंडसे त्याला पाठुंगळी घेऊन फिरवायचा, ल्यूट वाजवून रिझवायचा. राजाच्या तोंडून फुटलेली पहिली अक्षरं 'पा, दा लिन' अशी होती, आणि त्यातलं 'दा लिन' म्हणजे मी डेव्हिड लिंडसे, असं त्यानं पुढे एका कवितेत राजालाच ऐकवलंय. ऐकवलं कशासाठी? तर बाकीच्यांना सगळं दिलंस, माझं काय ते बघ! थकबाकीचा अर्ज इतका गोड भाषेत लिहिलेला मी चौतीस वर्षांत वाचला नाही.

राजानं बघितलं. लिंडसे लायन झाला, परदेशी दरबारांत वकील म्हणून गेला आणि १५४२ च्या सुमारास त्यानं स्कॉटलंडच्या ढालचिन्हांची रंगीत वही तयार केली. ती आज तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पण लोकांच्या तोंडी त्याचं नाव राहिलं ते नाटकामुळे. धर्मगुरू, सरदार आणि व्यापारी या तिघांची त्यानं त्यात यथेच्छ सालटी काढली. १५५२ मध्ये कूपरला आणि १५५४ मध्ये एडिंबरात ग्रीनसाइडला, राज्यकारभार पाहणाऱ्या राणीच्या समोर, उघड्यावर हे नाटक झालं. ग्रीनसाइड म्हणजे रजिस्टर हाऊसपासून चालत पाच मिनिटं. आज तिथं सिनेमागृहांचं मोठं संकुल उभं आहे.

त्या नाटकात मध्येच एक कंगाल माणूस प्रेक्षकांतून उठून येतो. घरी एक घोडी आणि तीन गायी होत्या म्हणतो. बाप मेला, जमीनदारानं घोडी नेली, पाद्र्यानं एक गाय नेली. आई मेली, पाद्र्यानं दुसरी नेली. बायको मेली, तिसरी गेली. मरण म्हणजे वसुली. राजाचा सगळ्यात मोठा मानकरी, ज्याचं कामच थोरामोठ्यांचे मान जपायचं, तो भर सभेत राणीपुढे हे लिहून म्हणवून घेतो. हे वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसलो. माझ्या टेबलासमोर उभं राहून लोक बापाच्या मृत्यूचा दाखला पुढे करायचे तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे किती वेळा पाहिलं असेल?

लायनच्या अंगाला हात लावणं म्हणजे राजाच्या अंगाला हात लावणं. फ्लॉडननंतर विधवा राणी मार्गरेटनं अँगसच्या तरुण अर्लशी, म्हणजे तिथल्या सरदाराशी, परस्पर लग्न केलं. दरबार खवळला. लायन, सर विल्यम कमिंग, अर्लला बोलावणं घेऊन गेले. अर्लचा आजोबा लॉर्ड ड्रमंड तिथं होता. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आणि त्यानं लायनला गुद्दा ठेवून दिला. १५१५ साली पार्लमेंटनं हा राजद्रोह ठरवला. ड्रमंडला ब्लॅकनेसच्या किल्ल्यात टाकलं, मालमत्ता जप्त झाली. पुढे मिटवामिटवी होऊन ती परत मिळाली. समन्स बजावायला गेलेल्या आमच्या कोतवालाला एकदा एका वाड्यावर कुत्रं सोडलं होतं, त्याची आठवण झाली. त्याच्या बाजूनं कुठलं पार्लमेंट उठलं नाही.

समन्सवरून आठवलं. कोर्टाचे हुकूम बजावणारे अंमलदार, तिथले बेलिफ म्हणा, हेसुद्धा लायनच्याच हाताखाली येतात. त्यांना मेसेंजर-अ‍ॅट-आर्म्स म्हणतात. त्यांची ओळख म्हणजे चांदीचा बिल्ला आणि एक छोटी काठी, शांततेची काठी. कुणी अडवलं, धक्काबुक्की केली, तर अंमलदारानं काही करायचं नाही. काठी मोडायची. काठी मोडली की राजाच्या हुकमाला अडथळा झाला असं समजायचं, पुढचं सरकार बघून घेईल. पूर्वी देणं बुडवणाऱ्याच्या नावानं हेच लोक बाजारातल्या चौथऱ्यावर जाऊन तीनदा शिंग फुंकत आणि तो राजाचा बंडखोर झाल्याचं जाहीर करत. शिंग आपल्याकडेही होतं, दवंडीही होती. पण काठी मोडून पंचनामा करायची कल्पना मला अजोड वाटली.

कायदे दोन महत्त्वाचे. १५९२ चा आणि १६७२ चा. पहिल्यानं लायनला गावोगाव फिरून चिन्हं तपासायचा अधिकार दिला, लायकी नसताना चिन्ह मिरवणाऱ्याला शंभर पौंड दंड, आणि ज्या वस्तूवर चिन्ह कोरलंय ती वस्तू जप्त. भांडं असो, पेटी असो. दुसऱ्या कायद्यानं एक सार्वजनिक नोंदवही उघडली. सगळ्यांनी वर्ष आणि एक दिवसाच्या आत आपापली चिन्हं आणून दाखवावीत. नोंद झाली ते खरं, न झालं ते नाही.

त्या आधी कागदांचे फार हाल झाले होते. इंग्लंडची सत्ता हाती घेतलेल्या क्रॉमवेलच्या लोकांनी राज्याची दप्तरं उचलून लंडनला नेली. ती परत पाठवली ती १६६० च्या डिसेंबरात 'एलिझाबेथ' नावाच्या जहाजातून. वादळ झालं, जहाज बुडालं, पंच्याऐंशी पिंपं कागद समुद्रात गेले. पंच्याऐंशी पिंपं! दप्तर भिजलं म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. बारा वर्षांनी नवी नोंदवही उघडणाऱ्या कारकुनांच्या मनात ते जहाज असणार, असं मला आपलं वाटतं.

ती वही अजून चालू आहे. तीनशे पन्नासहून जास्त वर्षं, खंड आता पुष्कळ, पण रजिस्टर तेच. नव्या नोंदी हातानं रंगवून, चर्मपत्रावर. संगणकावर सातबारा आला तेव्हा मीच शिबिरं घेतली होती, म्हणून हातानं रंगवण्याचं कौतुक मला उगाच नाही.

या १६७२ च्या कायद्यात आणखी एक वाक्य आहे. नवं चिन्ह कोणाला द्यावं? 'सद्गुणी आणि लायक' माणसांना. बस, एवढंच. सरदार असावा, जमीनदार असावा, असं काही नाही. आजही स्कॉटलंडमध्ये स्थायिक असलेला कोणीही अर्ज करू शकतो, आडनाव काहीही असो. लेकीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "सद्गुणी ठीक, पण लायकीचा दाखला कोण देणार, तलाठी?"

आता थोडं माझ्या घरचं. आमचे आजोबा गावचे वतनदार कुलकर्णी. जुन्या महजरांत, म्हणजे गावकीच्या निवाडापत्रांत, वतनदारांच्या सहीच्या जागी त्यांच्या धंद्याची खूण असायची. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची दौत-लेखणी, न्हाव्याचा आरसा. आमच्याकडच्या एका जीर्ण कागदावर दौत-लेखणीची खूण होती. लहानपणी मला वाटायचं हे आमचं चित्र. नंतर कळलं, हे गावोगावच्या प्रत्येक कुलकर्ण्याचं चित्र. कामाची खूण ती, माणसाची नव्हेच. आणि ते काम आम्हाला परीक्षा देऊन नव्हे, पोटी जन्मून मिळालेलं. १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली. आजोबा त्यानंतर बरेच दिवस देवळात गेले नाहीत म्हणतात. वडील मात्र रीतसर परीक्षा देऊन पगारी तलाठी झाले, मग मी कारकून.

म्हणून लायनच्या कचेरीचं अठरावं-एकोणिसावं शतक वाचताना मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. १७९६ साली हे पद किनूलच्या अर्लला मिळालं, त्याच्यामागं १८०४ पासून त्याच्या मुलाला. मुलगा बासष्ट वर्षं लायन होता. काम? काम मुतालिकानं, म्हणजे नेमलेल्या बदली माणसानं करायचं. वतनदार एक, मुतालिक दुसरा, हा प्रकार पेशवाईत शोभावा तसा एडिंबरात चालू होता. हाताखालच्या हेरल्डच्या, म्हणजे दरबारी पुकारे करणाऱ्या मानकऱ्यांच्या, जागासुद्धा पैसे मोजून घेतल्या जात. आणि गंमत म्हणजे या अर्लांचं आडनाव हे-ड्रमंड. लायनला ठोसा मारला तोही ड्रमंड, फुकट बसून मान खाल्ला तेही ड्रमंड. शाखा वेगळी असेल, पण मला हसू आवरलं नाही.

१८६६ मध्ये म्हातारा अर्ल गेला आणि जॉर्ज बर्नेट नावाचे अभ्यासू गृहस्थ त्या जागी आले. जुन्या खजिन्याच्या हिशेबवह्या संपादून छापणारा माणूस. पुढच्याच वर्षी कायदा झाला. लायनला ठरावीक पगार, अर्जदारांची फी सरकारजमा. सहा हेरल्ड होते ते तीन झाले, त्यांच्या खालच्या पायरीचे पर्सिव्हंट सहा होते ते तीन. लंडनची अशीच कचेरी अजूनही बहुतांशी अर्जदारांच्या फीवर चालते, एडिंबराची पगारावर. मी कोणाच्या बाजूचा, हे सांगायला नको.

नावं मात्र जुनीच ठेवली, ते बरं केलं. अ‍ॅल्बनी, आयला, मार्चमाँट, रॉथसे, रॉस, स्नॉडन हे हेरल्ड. ब्यूट, कॅरिक, डिंगवॉल, किंटायर, ऑर्मंड आणि युनिकॉर्न हे पर्सिव्हंट. भालदार-चोपदार म्हणा ना. यातल्या ज्या जागा भरायच्या त्या गरजेप्रमाणे भरतात. माणूस एरवी वकील असतो, इतिहासाचा अभ्यासक असतो, आणि समारंभाला राजाचं चिन्ह छातीपाठीवर भरलेला जड झगा चढवून 'युनिकॉर्न' होतो. बँकेच्या फॉर्मवर व्यवसाय काय लिहीत असेल?

कोर्टाचे दात अजून शाबूत आहेत. या कोर्टाचा स्वतःचा सरकारी वकील असतो. अ‍ॅबर्डीनशायरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या गोल्फच्या मैदानासाठी एक ढालचिन्ह वापरायला सुरुवात झाली होती. नोंद नव्हती, तंबी मिळाली. शेवटी रीतसर अर्ज होऊन जानेवारी २०१२ मध्ये लायनकडून वेगळं चिन्ह मिळालं. त्यावरचं लॅटिन ब्रीद आहे, 'कधीच माघार नाही'. माघार घेतल्यावर मिळालेलं! एअर युनायटेड या फुटबॉल क्लबला २०१५ साली कळलं की आपला बिल्ला १५९२ च्या कायद्यात बसत नाही. कित्येक वर्षं अंगावर मिरवलेला बिल्ला. शेवटी नवा करून घ्यावा लागला. पाठीराखे चिडले, आणि ते मला समजू शकतं. होळीच्या पोळीच्या मानावरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, हा तर बिल्ला.

आणि तो लाल सिंहाचा पिवळा झेंडा, जो स्कॉटलंडच्या प्रत्येक सामन्यात दिसतो? तोही खरं म्हणजे राजाचा खासगी. पाचव्या जॉर्जनं आपल्या रौप्यमहोत्सवाच्या आधी, १९३४ साली, हातात धरून हलवायला परवानगी दिली. घरावर उभारायला नाही. एका कारकुनाचा मेंदू यातली बारीक रेघ बरोबर ओळखतो: हलवणं ही वहिवाट, उभारणं हा कब्जा.

रॉयल माइलवर सेंट जाइल्स चर्चच्या बाजूला एक अष्टकोनी चौथरा आहे, मर्कॅट क्रॉस. जुना १७५६ मध्ये पाडला, आत्ताचा १८८५ साली ब्रिटिश पंतप्रधान म्हणून गाजलेल्या ग्लॅडस्टन यांच्या पैशांतून उभा राहिला. राजाज्ञा इथंच पुकारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनला १० तारखेला नव्या राजाचं नाव पुकारलं, इथं ११ ला. लॉर्ड लायन जोसेफ मॉरो यांनी वरून वाचलं. लेक त्या गर्दीत उभी होती. "बाबा, काही लोक ओरडत होते, राजा नको म्हणून. आणि वर ते झगेवाले पत्त्यांतल्या राजा-गुलामांसारखे दिसत होते. पण त्यांनी वाचलं ते मात्र एक शब्द न चुकता." मी विचारलं, ध्वनिक्षेपक होता का? होता म्हणाली. मग हरकत नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात बुकॅनन कुळाची हकीकत वाचली. त्यांचा शेवटचा नायक १६८१ मध्ये वारला आणि कुळ बिननायकाचं राहिलं. कुणी दावाच सिद्ध केला नाही. नायक कोण, हे ठरवायचा अधिकार पुन्हा लायनचाच. अखेर २०१८ मध्ये एका बुकॅनन गृहस्थांनी पुरावे मांडले आणि लायननं मान्यता दिली. तीनशे सदतीस वर्षं वारस नोंद प्रलंबित! मी हे सौ.ला वाचून दाखवलं, मोठ्या मजेत. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आपली किती झाली?"

आपली बावीस. वडील जाऊन बावीस वर्षं झाली आणि गावच्या चार एकरांच्या सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. कायद्यात तीन महिन्यांत कळवायचं असतं. हे वाक्य मी हजारो लोकांना ऐकवलंय, काहींना तर आवाज चढवून. आमच्यात भांडण नाही, दावा नाही. धाकटा भाऊ बापू जमीन कसतो, ताई सांगलीला सुखात आहे. आपल्याच खात्यातलं काम, करू कधीही, असं म्हणत मी निवृत्तसुद्धा झालो. मनात आणखी एक होतं, ते कोणाला सांगितलं नाही. नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, मयत म्हणून वडिलांचं नाव आपल्या हातानं लिहायला मला जमलं नव्हतं. बदली होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलो तेव्हा बरंच वाटलं होतं.

संध्याकाळी फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा झाले असतील.

"बापू, नानांची वारस नोंद करून टाकू."

पलीकडे जरा शांतता. "अण्णा, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. अर्ज मी इथून लिहून पाठवतो, तू तलाठ्याकडे दे. नोटिशीचे पंधरा दिवस जातील, तोवर मी येतो."

"ताईचं नाव लावायचं ना?"

"म्हणजे काय, तिघांचं लागेल. ती थोरली, पहिलं तिचं."

"आणि नानांचा मृत्यूचा दाखला? मूळ प्रत तूच नेली होतीस."

नेली होती. कपाटावरच्या ट्रंकेत, तळाला, दौत-लेखणीच्या त्या जुन्या कागदाच्या घडीत ठेवली होती. बापूला म्हटलं, माझ्या शेजाऱ्यांकडे किल्ली आहे, ट्रंकेला कुलूप नाही, फक्त तो कागद उलगडताना जपून, घडीवर फाटलाय.